लघवीची नळी आणि घरची सेवा



लघवी अडली म्हणून माझ्या वडिलांना नळी बसवली होती. घरी आणल्यावर लघवीची पिशवी मी खाटेवर त्यांच्या शेजारी ठेवली. खाली लोंबती ठेवणे बरे वाटेना. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. पिशवी वर राहिली की लघवी उलट मूत्राशयात जाते, जंतूही जातात, हे तेव्हा कळले.

पिशवी कमरेच्या खाली टांगा, जमिनीला टेकवू नका. हात लावण्याआधी व नंतर साबणाने धुवा. नळी ओढू नका. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, मूत्रमार्गाला इजा होते. जितके दिवस नळी, तितका जंतूंचा धोका अधिक. म्हणून ‘नळी अजून हवी का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. सेवेला माहितीची जोड हवी.