विहिरीचा हिशेब



तुम्ही अक्षरे शिकलात. आकडेही शिकलात. आज त्या आकड्यांनी आपण एक हिशेब मांडू. तो आहे पाण्याचा.

आधी नंदुरबार शहर बघा. २०११ च्या शिरगणतीत तिथे सुमारे १ लाख ११ हजार माणसे होती. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते, असे सरकार धरते. करा गुणाकार. रोजचे जवळजवळ दीड कोटी लिटर झाले! एवढे पाणी काही नळात तयार होत नाही. शहराला ते शिवण नदीवरच्या विरचक धरणातून मिळते. धरणातले पाणी डोळ्यांना दिसते, मोजता येते. ते कमी झाले, तर नळ रोज सोडायचा की एक दिवसाआड, हे आधी ठरवता येते.

आता सांगा, आपल्या गावाचे धरण कुठे आहे? ते आहे आपल्या पायाखाली! ते दिसत नाही, म्हणून आपण ते मोजत नाही. विहिरीचा तळ दिसला, म्हणजे मग डोळे उघडतात.

नंदुरबार-नवापूरकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या फटींत. जागा थोडी. म्हणून पावसात विहीर लवकर भरते, आणि उपसली की लवकर आटते. शहादा-तळोद्याकडे तापीच्या काठी गाळ खोल आहे. तिथे पाणी जास्त मावते. पण भरण्यापेक्षा उपसा जास्त झाला, तर तेही खाली जाणारच.

कोणी म्हणेल, "विहीर माझी, पाणी माझे." विहीर तुमची, हे खरे. पण पाणी जमिनीखालून बांध ओलांडते. त्याला काही सातबारा वाचता येत नाही!

आता खर्च बघू. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले. त्यात खेड्यासाठी माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. हजार माणसांच्या गावाला रोज ५५ हजार लिटर झाले. आणि अडीच एकर रानाला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी दिली, तर किती जाते? ५ लाख लिटर! तेवढ्यात साऱ्या गावाचे ९ दिवस निघाले असते.

म्हणजे पिकाला पाणी द्यायचे नाही का? द्यायचे, पण हिशेबाने. ऊस आणि केळी वर्षभर पाणी पितात. हरभऱ्याचे थोडक्यात भागते. ठिबक केले, तर पाणी मुळाशीच पडते. आणि जमाही वाढवता येते. शेताला बांध घाला. ओढ्याला बंधारा घाला. वाहणारे पाणी थांबले, की ते मुरते.

मोजायचे कसे? सोपे आहे. एक दोरी घ्या. दर मीटरला गाठ मारा. टोकाला दगड बांधा. सकाळी पंप सुरू होण्याआधी दोरी विहिरीत सोडा. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी लागल्या, ते मोजा. वहीत तारीख आणि आकडा लिहा. सरकारची भूजल यंत्रणाही ठरलेल्या विहिरी अशाच मोजते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, अशी वर्षातून चार वेळा. आपण दर महिन्याला मोजू.

समजा, गेल्या ऑक्टोबरात ४ गाठी होत्या. यंदा ६ आहेत. म्हणजे पाणी २ मीटर खाली गेले. मग रब्बी पेरण्याआधी गावाने एकत्र बसावे. आधी माणसांचे पाणी बाजूला काढावे. मग गुराढोरांचे. उरेल त्यावर पीक ठरवावे.

ही वही कोणी लिहायची? विहीर आटली, की मे महिन्याच्या उन्हात हंडा घेऊन लांब कोण जाते? आपल्या आयाबहिणीच ना? मग वही त्यांच्याच हाती द्या. त्या आता लिहायला शिकल्या आहेत. त्यांनी आकडा वाचून दाखवला, की गावाने तो ऐकावा.