कृत जाणणारी ती कृतज्ञ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या प्रत्येक समारंभात शेवटी आभारप्रदर्शन असते. ते सुरू झाले की कुणी चपला शोधते, कुणी मुलाला कडेवर घेते, कुणी सतरंजीचे टोक दुमडू लागते. आभार मानणारीही घाईतच असते. म्हणून आज मी क्रम उलटा करणार आहे. जो विषय आपण शेवटी उरकतो, त्यावरच चार शब्द बोलणार आहे.

प्रथम माझी चूक सांगते. मी पहिल्यांदा मंडळाची अध्यक्षा झाले, त्या वर्षी आपला हळदीकुंकवाचा समारंभ थाटात झाला. मी पाहुण्यांचे आभार मानले, देणगीदारांचे मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचेही मानले. पंधरा दिवस उन्हातून दारोदार हिंडून जिने वर्गणी जमविली, तिचे नाव मात्र राहिले. पुढच्या महिन्यात ती आली नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी मनाशी म्हटले, "एवढ्याशा मानापमानासाठी रुसायचे का?" अखेर एके दिवशी तिच्या घरी गेले. चहा पुढे ठेवीत ती म्हणाली, "वहिनी, आभाराचं काही नाही हो. पण कोणत्या घरी मी तीनदा गेले, कुणी दारातून परत लावलं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. वर्गणी जणू आपोआप आली!"

मी निरुत्तर झाले. तिचा रोष आभार न मानल्याबद्दल नव्हताच. मी तिच्या कामाकडे पाहिलेच नव्हते, हे तिला लागले होते.

घरी येताना एका शब्दाचा अर्थ मला नव्याने उमगला. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता ही नुसती गोड बोलण्याची रीत नव्हे. आधी जाणणे, मग बोलणे. आणि कोणी काय केले, कशा अडचणीत केले, हे जाणणे हेच तर पुढारीपणाचे पहिले काम आहे!

सावित्रीबाई फुले यांचे एक पत्र या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८५६ साली आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी होत्या. ऑक्टोबर महिन्यात त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. स्वतः आजारी असतानाही पुण्यात आपल्यामागे फातिमाबाईंना त्रास पडत असेल, याची त्यांना आठवण आहे. आणि ती कुरकुर करणार नाही, हेही त्या जाणतात. भगिनींनो, जी कुरकुर करते तिचे कष्ट कुणालाही कळतात. जी करीत नाही तिचे कष्ट ओळखायला सावित्रीबाईंचे मन लागते.

आता आपल्या गावाकडे वळू. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली हिप्परग्याहून येथे आले आणि त्यांनी योगेश्वरीच्या शाळेची धुरा वाहिली. १९३८ साली ते सत्याग्रहात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. गावाने आपले ऋण मानले. येथील वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामीजींचे नाव आहे. ते योग्यच आहे. पण भूमिगत कार्यकर्त्याला रात्री-अपरात्री भाकरी वाढणारी, निरोप पोचविणारी, घरची झडती सोसणारी बाई कुठल्या पाटीवर आहे? आपल्या आज्या-पणज्यांपैकी कुणी हे केले असेल, तर ते विचारून लिहून ठेवणे हे आपल्या मंडळाचे काम आहे. विचारायला माणसे आता थोडीच उरली आहेत.

त्या प्रसंगानंतर मी एक नेम धरला. रात्री निजण्यापूर्वी त्या दिवशी मंडळाचे कोणते काम कुणी केले, ते वहीत नावासह लिहायचे. महिन्याभरात वहीने मला शिकविले. दोघीतिघींची नावे रोज येत होती, कित्येकींची एकदाही आली नव्हती. मी त्यांना आळशी समजत होते. विचारले तेव्हा कळले, त्यांना कुणी काम सांगितलेच नव्हते! मग कामाची वाटणी बदलली. दुसरे असे की, जमाखर्चातली माझी चूक एका तरुण सभासदेने भर सभेत दाखविली. पूर्वी मला राग आला असता. वहीत तिचेही नाव लिहावे लागले, आणि लिहिताना राग ओसरला. तिने मंडळाचे पैसेच वाचविले होते.

येथे दोन इशारे दिले पाहिजेत. आभार हा मोबदल्याचा पर्याय नव्हे. समारंभानंतर भांडी घासणाऱ्या बाईला "तुमचे फार उपकार" म्हणावे आणि मजुरीत मात्र घासाघीस करावी, ही कृतज्ञता नव्हे. तिची मजुरी आधी, गोड शब्द नंतर. दुसरे, कृतज्ञता ही आपण ठेवायची असते, दुसऱ्याकडून वसूल करायची नसते. "मी मंडळासाठी एवढे केले" असा हिशेब जी मनात मांडून बसते, तिला खुर्ची सोडवत नाही. इतरांनी केलेले जिने लिहून ठेवले, तिला ठाऊक असते की आपल्यामागे काम अडणार नाही. ती सुखाने खाली सतरंजीवर येऊन बसते.

मी आता सतरंजीवरच बसते. माझी वही मात्र नव्या अध्यक्षबाईंच्या हाती दिली आहे. तिच्यात अजून पुष्कळ कोरी पाने आहेत. आणि ती वर्गणी जमविणारी आमची भगिनी? ती परत आली. आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे नाव येथे घेतलेले तिला आवडणार नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर ते आहे.