भूमीखालचा ‘गोफ’

वळ-भिवंडीच्या परिसरात खाण म्हटली म्हणजे डोंगर फोडणारी उघडी दगडखाण डोळ्यांसमोर येते. विदर्भातील कोळशाच्या भूमिगत खाणींचे जग निराळे. तेथील कामगारांच्या तोंडी ‘गोफ’ हा शब्द वारंवार येतो. सोन्याच्या गोफाशी त्याचा काही संबंध नाही. तो इंग्रजी खाणभाषेतून आलेला आहे.

कोळशाच्या थरात प्रथम बोगदे खोदतात व छत तोलण्यासाठी मध्ये कोळशाचेच खांब राखतात. पुढे तेही काढून घेतले जातात. मागे उरणारी पोकळी, तीत कोसळलेल्या छताच्या ढिगाऱ्यासह, म्हणजे गोफ. तेथे पाऊल टाकण्यास मनाई असते. कारण आत पाणी व घातक वायू साचतात आणि राहिलेला कोळसा आपोआप तापून पेटण्याची भीती असते. नागपूर जिल्ह्यातील सिल्लेवाडासारख्या खाणींत पाण्याबरोबर नदीची वाळू सोडून ही पोकळी भरण्यात आली. पद्धत खर्चाची खरी, पण वरच्या जमिनीस आधार देणारी.

न भरलेला गोफ वर्षानुवर्षे स्वस्थ असतो, आणि एखाद्या दिवशी वरची जमीन खचते. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे २६ ऑगस्ट २०२२ रोजी जुन्या भूमिगत खाणीवर वसलेले एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. हादरे जाणवताच घरची माणसे बाहेर धावली, म्हणून बचावली.

खाण सोडून देताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयास सादर करावा लागतो. कोठवर कोळसा काढला, हे त्यावरून कळते. खाणपट्ट्यातील पंचायतीने घरबांधणीस परवानगी देण्यापूर्वी तो मागवून गावनकाशाशी ताडून पाहावा.