उतार आणि चित्रफीत
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने अभ्यासाविषयी बोलावे, असा प्रघात आहे. तो मोडून मी आज डोंगर-उतारावरून सायकल चालविण्याविषयी बोलणार आहे. आपल्या ज्ञातीतील काही मुलांना या खेळाचा नाद लागला आहे, आणि गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या नातवाने त्यात खांद्याजवळचे हाड मोडून घेतले. ती सायकल मीच त्याला घेऊन दिली होती. तेव्हा या विषयाचा विचार करणे मला प्राप्तच झाले.

हा खेळ नावारूपास आला तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, टॅमलपायस पर्वताच्या परिसरात. तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका वाटेवर शर्यत लावली. सुमारे २ मैलांत १,३०० फूट खाली यावयाचे, असा तो उतार! मागील चाकाच्या तुंब्यातील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि उतरल्यावर ते पुन्हा भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाचा 'रिपॅक' हा शब्दच त्या वाटेचे नाव होऊन बसला. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने मुद्दाम डोंगरासाठी सायकल घडविली, आणि १९९६ साली अटलांटा येथे या खेळाचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला.

त्या तरुणांना उतार किती कठीण आहे हे जळत्या ग्रीसने सांगितले. आमच्या मुलांना ते चित्रफीत सांगते, आणि येथेच घात होतो. डोक्यावरच्या शिरस्त्राणाला लावलेल्या चिमुकल्या कॅमेऱ्याची दृष्टी फार रुंद असते. त्यामुळे पुढील जमीन लांबवर पसरलेली भासते आणि उभा उतार सपाट दिसतो. शिवाय नव्या कॅमेऱ्यांत धक्के पुसून टाकण्याची सोय असते. हाडे खिळखिळी करणारी वाट पडद्यावर गुळगुळीत होते. पडलेल्या फेऱ्या तर कापूनच टाकलेल्या असतात. २०१४ साली डॅनी मॅकॅस्किल याची स्काय बेटावरील डोंगरधारेची चित्रफीत निघाली व जगभर पाहिली गेली. तो त्याच बेटावर जन्मलेला. आणि त्या कौशल्यामागे कित्येक वर्षांची साधना. पाहणाऱ्याच्या हाती येतात ती केवळ काही मिनिटे.

आमच्या घरी पट्टा बांधून बसलेल्या नातवाने मला आपल्या पडण्याची चित्रफीत दाखविली. उतार शाळेच्या मैदानासारखा दिसत होता. मी म्हणालो, "अरे, एवढ्याशा उतारावर पडलास?" तो म्हणाला, "आबा, तुम्ही एकदा तिथे चला." दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्या मुरमाड वाटेवर मला चार ठिकाणी बसून, हात टेकून उतरावे लागले. मी त्याची क्षमा मागितली.

नंतर आम्ही दोघांनी ती चित्रफीत पुन्हा पाहिली. डोके वळेल तिकडे कॅमेरा वळतो. पडण्यापूर्वी तो पुढच्या चाकाकडे खाली पाहत होता, वाटेकडे नव्हे. नजर जवळ आली, भीती वाटली, आणि त्याने पुढचा ब्रेक एकदम आवळला. चाक थबकले आणि स्वारी हँडलवरून पुढे गेली. शंभर वेळा सांगूनही जे पटले नसते, ते त्याच कॅमेऱ्याने त्याला दाखविले.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, माझे सांगणे एवढेच: कॅमेऱ्याला आपला भाट करू नका, साक्षीदार करा. वाट आधी पायांनी उतरून पाहा. शिरस्त्राण नि गुडघ्यांची कवचे विसरू नका. सीट खाली करा, अंग मागे ठेवा, दोन्ही ब्रेक हलके हलके दाबा, नजर दूर ठेवा. एकटे जाऊ नका. आणि पडलेली फेरी पुसू नका. घरी आणून वडीलधाऱ्यांना दाखवा.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला नुसती मनाई केल्यास तो न सांगता जाईल. त्यापेक्षा एकदा त्याच्याबरोबर तो उतार चालून या. माझा नातू हाड जुळल्यावर पुन्हा जाऊ लागला आहे, आणि पायथ्याशी मी उभा असतो.