वहीतील उत्पन्न आणि स्वतःचे घर
(स्वतंत्र व्यावसायिकांसाठी गृहकर्ज या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



नौपाड्यातील गोखले रोड, राम मारुती रोड किंवा पलीकडचा जांभळी नाका येथे रोज सकाळी दुकानाचे शटर वर करणाऱ्या गृहस्थाची बाजारातील पत मोठी असते. घाऊक व्यापारी त्याला केवळ शब्दावर लाखोंचा माल उधार पाठवितो. ठरलेल्या दिवशी पैसे पोहोचतात, याची त्याला खात्री असते. परंतु हाच गृहस्थ घरासाठी कर्ज मागण्यास बँकेत गेला, की चित्र पालटते. शेजारचा नोकरदार काही महिन्यांची पगारपत्रके आणि फॉर्म सोळा दाखवून मंजुरीपत्र घेऊन येतो. व्यापाऱ्याकडे मात्र तीन वर्षांचे ताळेबंद, विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे मागितले जातात, आणि एवढे करूनही मंजूर होणारी रक्कम अपेक्षेच्या निम्मीसुद्धा नसते. यामागे बहुतेक वेळा पतीचा नव्हे, तर पुराव्याचा अभाव असतो.

ही अडचण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने मुंबईत एचडीएफसी ही संस्था उभी राहिली. त्यापूर्वी मध्यमवर्गीय माणूस बहुधा निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून घर घेत असे. कमावत्या वयातच घर घ्यावे आणि पुढील उत्पन्नातून ते फेडावे, हा विचार या संस्थेने रुजविला. पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आणि १९८९ मध्ये एलआयसी हाउसिंग फायनान्स या संस्था स्थापन झाल्या. मूळ एचडीएफसी १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली. मात्र या साऱ्या व्यवस्थेचा मापदंड प्रामुख्याने पगार हाच राहिला. पगार ठरलेल्या तारखेला ठरलेला येतो. व्यापाऱ्याचे उत्पन्न दिवाळीत व लग्नसराईत वाढते आणि पावसाळ्यात उतरते.

या परिसरात ही उणीव काही अंशी सहकारी बँकांनी भरून काढली. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० साली, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ साली आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ साली सुरू झाली. स्थानिक शाखेतील अधिकाऱ्याला दुकानदाराचा रोजचा भरणा ठाऊक असे. पिग्मी ठेवीचे पुस्तकही त्याच्या नियमितपणाची साक्ष देत असे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांच्या वैयक्तिक गृहकर्जाची कमाल मर्यादा दुप्पट केली. छोट्या बँकांसाठी ती ३० लाखांवरून ६० लाख रुपये झाली आणि त्यांहून मोठ्यांसाठी ७० लाखांवरून १ कोटी ४० लाख रुपये. ओळखीच्या शाखेत अर्ज करण्यास म्हणूनच आजही अर्थ आहे. तथापि ओळख ही कागदपत्रांची जागा घेऊ शकत नाही.

बँकेचे गणित

बँक दुकानाची उलाढाल पाहून कर्ज देत नाही. विवरणपत्रात दाखविलेले निव्वळ उत्पन्न पाहून देते. त्यात ती घसारा बहुधा परत मिळविते, कारण घसारा हा प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च नसतो. दोन-तीन वर्षांची सरासरी काढली जाते. त्या मासिक उत्पन्नापैकी साधारण निम्मी रक्कम सर्व कर्जांच्या हप्त्यांसाठी उपलब्ध धरली जाते. हे प्रमाण प्रत्येक संस्थेचे थोडे वेगळे असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका दुकानाची वार्षिक उलाढाल ६० लाख रुपये आहे. मालक अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने ८ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार रुपये उत्पन्न दाखवितो. महिन्याला ४० हजार झाले. त्याचे निम्मे २० हजार. त्यातून टेम्पोच्या कर्जाचा ६ हजारांचा हप्ता वजा जाता उरले १४ हजार. ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीसाठी प्रत्येक लाखामागे हप्ता सुमारे ९०० रुपये पडतो. म्हणजे कर्ज मिळेल सुमारे साडेपंधरा लाख. आता समजा, याच दुकानाचे खरे उत्पन्न ९ लाख ६० हजार आहे आणि ते तसेच दाखविले आहे. महिन्याचे ८० हजार, निम्मे ४० हजार, टेम्पोचा हप्ता वजा जाता ३४ हजार. कर्ज मिळेल सुमारे पावणेअडतीस लाख. दोन्ही दुकाने एकच, गल्ला एकच. फरक केवळ कागदावरील आकड्याचा, आणि तो फरक बावीस लाखांचा आहे.

येथे अनेकांचा गैरसमज असतो. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत वा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीवर ६ टक्के ही कायद्याने सांगितलेली किमान पातळी आहे. प्रत्यक्ष उत्पन्न अधिक असेल तर अधिक दाखविणे अपेक्षितच आहे. शिवाय प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर, भांडवली नफ्यासारखे वेगळ्या दराचे उत्पन्न वगळता, सवलतीमुळे कर शून्य होतो. वरील उदाहरणातील गृहस्थाने निम्मे उत्पन्न दडवून एक रुपयाही प्राप्तिकर वाचविला नाही. गमावले मात्र घर. ज्यांचे उत्पन्न १२ लाखांहून अधिक आहे, त्यांना कर भरावा लागेल हे खरे. पण तो कर घराच्या किमतीचाच एक भाग समजावा.

तीन वर्षांची तयारी

यास्तव घराची तयारी जागा पाहण्यापासून नव्हे, तर तीन वर्षे आधी वहीपासून सुरू व्हावी. दरवर्षीचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे. तीन वर्षांची विवरणपत्रे एकाच आठवड्यात भरलेली दिसली, की बँकेला शंका येते. कर्जासाठी उत्पन्न फुगवून दाखविणे तर सर्वस्वी वर्ज्य. ते दडविण्याइतकेच खोटे आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे उतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्र हे तिन्ही आकडे बँक एकमेकांशी ताडून पाहते. ते जुळले पाहिजेत.

दुकानाचे चालू खाते आणि घराचे बचत खाते वेगळे ठेवावे. दर महिन्याच्या ठरावीक तारखेस चालू खात्यातून बचत खात्यात ठरावीक रक्कम वळवावी. संसार नियमित रकमेवर चालतो, हे त्यातून दिसते. अर्जाच्या तोंडावर नातलगांकडून उसनी आणलेली रोख रक्कम खात्यात भरू नये. तिचा स्रोत विचारला जातोच. दुकानाची गुमास्ता नोंद किंवा, कायद्यातील मर्यादेपेक्षा कमी कामगार असल्यास, २०१७ च्या कायद्याप्रमाणे दिलेली सूचना, तसेच उद्यम नोंदणी हाताशी असावी. व्यवसाय किती वर्षे चालू आहे, याचा तो पुरावा होय.

भावाभावांची भागीदारी ही या भागातील नित्याची गोष्ट. भागीदाराला मिळणारा नफ्याचा वाटा त्याच्या हाती करमुक्त असतो, कारण त्यावर पेढीने कर भरलेला असतो. म्हणून बँक भागीदाराच्या विवरणपत्रासोबत पेढीचा ताळेबंद व भागीदारीचा करारनामाही मागते. जुन्या करारनाम्यात वाट्याचे प्रमाण स्पष्ट नसेल, तर ते आधीच दुरुस्त करून घ्यावे. घरातील स्त्री शिवणकाम, शिकवणी वा साड्यांचा व्यवसाय करीत असेल, तर तिचेही विवरणपत्र स्वतंत्रपणे भरले जावे; सहअर्जदार म्हणून तिचे उत्पन्न धरले जाते. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

जामीनकीबाबतही सावध असावे. संबंधिताच्या भिडेखातर दिलेली सही विस्मरणात जाते, पण सिबिलसारख्या संस्थांच्या नोंदीत ती राहते, आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकविले तर जामीनदाराचे कर्ज अडते. प्रत्येक पतसूचना संस्थेकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्जापूर्वी सहा महिने तो पाहून चुका दुरुस्त करून घ्याव्यात.

जागेची पारख

कर्जदाराप्रमाणेच बँक जागाही तपासते. नौपाड्यातील जुन्या इमारतींत अनेक कुटुंबे पागडीने राहतात. पागडीच्या भाडेकरूकडे मालकी नसल्याने अशी खोली तारण ठेवून गृहकर्ज मिळणे दुरापास्त असते. पुनर्विकासात मालकी हक्काची सदनिका मिळणार असेल, तर नोंदणीकृत करारनामा आणि महारेराची नोंदणी पाहिल्यावाचून जादा क्षेत्रफळाचे पैसे देऊ नयेत.

घराची पूर्ण किंमत बँक कधीच देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च या हिशेबात सामान्यतः धरले जात नाहीत. म्हणजे ५० लाखांच्या घरासाठी किमान १० लाख आणि वरील खर्च स्वतःचा लागतो. ही रक्कम दुकानाच्या खेळत्या भांडवलातून उचलली, तर घर उभे राहते आणि दुकान बसते. तिची तरतूद वेगळीच करावी, आणि त्याखेरीज सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम मुदत ठेवीत ठेवावी. पावसाळ्यातील मंदी तेवढ्याने निभावते.

एका बाबतीत मात्र नियम व्यापाऱ्याला सोयीचा आहे. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकांना दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली मनाई केली. दिवाळीच्या हंगामात हाती आलेली अधिकची रक्कम मुद्दलात भरली, तर वीस वर्षांचे कर्ज पुष्कळ आधी फिटू शकते. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत मिळणे हा कर्जदाराचा हक्क आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, संस्थेमुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे.

दिवाळीत वहीपूजन करताना पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिण्याची रीत व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यापुढील पाने खरी आणि पूर्ण लिहिली जावीत, ही अपेक्षा त्या पूजेतच आहे. येत्या पाडव्यापासून ज्या कुटुंबाची वही अशी लिहिली जाईल, त्याला तीन वर्षांनी बँकेत विनवणी करावी लागणार नाही. तीन ताळेबंद पुढे ठेवले म्हणजे पुरे.