कोडे घालावे, कोडे सोडवावे

(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





माझा विषय ऐकून काहींना वाटले असेल की, धम्माच्या व्यासपीठावर कोडी आणि गमतीजमती कशाला? परंतु खेळकरपणा आणि विद्वत्ता यांचे वैर नाही. बाबासाहेबांसारखे अखंड वाचन करणारे महामानवसुद्धा उतारवयात हौसेने व्हायोलिन शिकत होते. तेव्हा थोडा वेळ आपणही खेळू या.

आम्हा सात-आठ जुन्या मित्रांचा एक कंपू आहे. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी इथे रत्नागिरीत. रोज भेट होत नाही, म्हणून रात्री जेवणे आटोपली की फोनवर एखादे कोडे येते. प्रत्येकाला एकेक विचित्र सवय आहे. एकजण समोरून येणाऱ्या एस.टी.च्या नंबरातील आकड्यांची बेरीज केल्याशिवाय गाडीत चढत नाही. दुसरा जिन्याच्या पायऱ्या मोजतो. तिसरा दुकानांच्या पाट्या उलट्या वाचतो. घरची मंडळी हसतात, पण या उलट्या वाचण्याच्या सवयीतूनच आमच्या पुष्कळ कोड्यांचा जन्म झाला आहे.

मराठीत शब्द उलटा वाचायचा तो अक्षराअक्षराने. ‘चिमा काय कामाची’, ‘टेप आणा आपटे’ ही वाक्ये आपण शाळेत असताना घोकलेली आहेत. आता आपले नेहमीचे शब्द घ्या. ‘मध्यम’ हा शब्द कोणत्याही टोकाकडून वाचा, मध्यमच राहतो. तथागतांनी दोन्ही टोके टाळून जो मार्ग सांगितला, त्याच्या नावातच हा समतोल असावा, ही केवढी गंमत! आणि ‘समता’ उलटी वाचा. काय होते? ‘तामस’! हा भाषेतला निव्वळ योगायोग आहे, पण एकदा ध्यानात आला की विसरत नाही.

गावांच्या नावांच्या भेंड्या लावल्या तर आमचा एक मित्र हमखास ‘चिपळूण’ म्हणतो, कारण ‘ण’वरून शब्द कुठून आणणार? मग ‘ण’ऐवजी ‘न’ चालेल की नाही यावर जो वाद होतो, त्यात अर्धी रात्र जाते.

परंतु ही करमणूक केवळ रिकामटेकड्यांची आहे असे समजू नका. कोकणात कोड्याला हुमाण असेही म्हणतात. ज्या काळी आपल्या आयाबायांना शाळेचे दार बंद होते, त्या काळी अंगणात बसून त्या मुलांना कोडी घालीत. फळ आहे, पण बी त्याच्या पोटात नाही, बाहेर लोंबते आहे, ओळखा पाहू? मूल काजूच्या झाडाकडे पाहायला शिकत असे. पाटी नव्हती, पुस्तक नव्हते, तरी निरीक्षण होते, तर्क होता. शिवाय कोडे घालणारी बाई उत्तर लगेच सांगत नसे. “हरलो म्हण, मग सांगते,” असे ती म्हणायची, आणि हरलो म्हणायला कोणी तयार नसे.

बुद्धवाङ्मयातही कोडी आहेत. मज्झिम निकायातील तेविसावे सुत्त ‘वम्मिक सुत्त’ म्हणजे वारुळाचे सुत्त. श्रावस्तीजवळच्या अंधवनात राहणाऱ्या कुमार कस्सप या भिक्खूला एक देवता रात्री कोडे घालते. एक वारूळ आहे, ते रात्री धुमसते आणि दिवसा पेटते. ते खणत गेले की एकामागून एक वस्तू सापडतात: अडसर, बेडूक, चाळण, कासव आणि शेवटी नाग. कस्सप तथागतांकडे जातो आणि तथागत उलगडा करतात. वारूळ म्हणजे हे शरीर. दिवसभर केलेल्या गोष्टींचा माणूस रात्री विचार करीत बसतो, ते धुमसणे. त्या विचारांप्रमाणे दिवसा वाणीने आणि शरीराने वागतो, ते पेटणे. अडसर म्हणजे अविद्या, बेडूक म्हणजे क्रोध. खणण्याचे हत्यार म्हणजे प्रज्ञा आणि खणणे म्हणजे वीर्य, अर्थात प्रयत्न.

मित्रांनो, सवयीचे याहून चांगले वर्णन मला तरी माहीत नाही. रात्री मनात जे घोळते तेच दिवसा हातून घडते. म्हणून रात्री मनात राग घोळवण्यापेक्षा एखादा प्रश्न घोळवलेला काय वाईट?

बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यावरून उठलेले वादळ आणि त्याच्या समर्थनार्थ मुंबईत निघालेला प्रचंड मोर्चा येथील ज्येष्ठांना आठवत असेल. त्या ग्रंथाचे नाव ‘रिडल्स इन हिंदुइझम’. रिडल म्हणजे कोडेच. शतकानुशतके ‘हे असेच असते’ म्हणून जे गळी उतरवले गेले, त्याच्यापुढे बाबासाहेबांनी प्रश्नचिन्ह उभे केले. ज्याला प्रश्न विचारण्याची मुभा नाही तो गुलाम, आणि आपल्याला ही मुभा फार मोठी किंमत मोजून मिळाली आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. मी बँकेत लिपिक आहे. बँकांच्या लिपिक भरतीच्या सामायिक पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात आणि त्यांपैकी ३५ तर्कबुद्धीचे असतात. आठ माणसे गोल टेबलाभोवती बसली आहेत, कोणाच्या डावीकडे कोण? हे आजीचे हुमाणच आहे, फक्त कपडे बदलून आले आहे. २०२१ मध्ये ही परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय झाला, त्यामुळे भाषेची भिंतही पुष्कळ खाली आली. तरीही मार्गदर्शन वर्गात मी पाहतो की कोडे दिसले की मुलाचा हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. उत्तर मिळते, पण परीक्षेच्या दालनात मोबाईल बाहेर ठेवावा लागतो आणि न खणलेले वारूळ समोर उभे राहते.

म्हणून मंडळाला माझी नम्र सूचना आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर विहाराच्या फळ्यावर एक कोडे लिहावे. उत्तर पुढच्या पौर्णिमेला. मधल्या दिवसांत कोणी मोबाईलमध्ये शोधायचे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र जरूर विचारायचे. त्या निमित्ताने आजीची चार हुमाणे वहीत उतरतील. ती अजून कोणी लिहून ठेवलेली नाहीत आणि आजी कायमची आपल्याजवळ राहणार नाही.

पहिले कोडे मीच घालतो. मुका असून पुढारी झाला, आणि ज्यांना बोलायची बंदी होती त्यांना बोलते केले. जन्म मुंबईचा, साल १९२०. कोण बरे?

उत्तर मी सांगणार नाही. पौर्णिमेला फळ्यावर पाहू.

जय भीम! नमो बुद्धाय!