टायमरला पाऊस कळत नाही
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वर्षीची जुलैतली एक सकाळ आठवा. धो धो पाऊस कोसळतोय आणि आपल्या लॉनवरचे स्प्रिंकलर मजेत फिरतायत! बी विंगमधल्या एका आजींचा मला फोन आला, "अहो, गवताला दोनदा आंघोळ का?" बागेचं काम माझ्याकडे, त्यामुळे उत्तरही मलाच द्यायचं होतं. टायमर बंद केला. दिवाळीनंतर पुन्हा चालू केला, तो मे महिन्यात लावलेल्या त्याच वीस मिनिटांवर. चूक माझीच. फेब्रुवारीत बोअर आटली आणि आपण टँकर मागवले, तेव्हा ते डोक्यात आलं.

एक चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपलं लॉन ४०० चौरस मीटर. पुण्याच्या उन्हाळ्यात जमीन आणि गवत मिळून रोज ५-६ मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. पाचच धरा, तरी २,००० लिटर झाले. डिसेंबरात साधारण निम्म्यात भागतं. म्हणजे थंडीत रोज हजार लिटर आपण उगाच ओतत होतो; दहा दिवसांत एक मोठा टँकर!

हवामान पाहून चालणारा कंट्रोलर ऊन, तापमान, वारा, हवेतला दमटपणा यांवरून किती पाणी उडून गेलं याचा अंदाज घेतो आणि तेवढंच भरून देतो. त्याहून स्वस्त म्हणजे पावसाचा साधा सेन्सर. त्यातल्या चकत्या पावसाने फुगतात आणि स्प्रिंकलरचा करंट तोडतात. वाळल्या की पुन्हा चालू. मला विचाराल तर सुरुवात सेन्सरने करावी.

विकणारे सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट आहे. यंत्र पाणी वाचवतं ते जास्त पाणी घालणाऱ्याचं. मागच्या गेटजवळच्या बोगनवेलीला माळीकाका माती बोटाने चाचपून, आठवड्यातून एकदा पाणी देतात. तिथे कंट्रोलर लावला तर पाणी उलट वाढेल! तो भाग जोडायचा नाही. "मग माळी कशाला?" असंही मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं. स्प्रिंकलरचं तोंड वाकडं होऊन पार्किंगमधल्या स्कूटर धुतल्या जातात, ते यंत्राला दिसत नाही. काकांना दिसतं.

ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. तोपर्यंत टायमरच्या पेटीची किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. पावसात कारंजी उडताना दिसली तर आधी त्याला सांगा, मग मला फोन करून रागवा.